कागदावरचा पॉझिटिव्ह आणि हातातली सूज

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा उघडला आणि पहिल्या चारही पत्रांत एकच शब्द भेटला: ऑटोइम्यून, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उठणं. तीस वर्षं मी संधिवात आणि त्याच्या भावकीतल्या आजारांचे रुग्ण तपासते आहे. पूर्वी हा शब्द मला समजावून सांगावा लागायचा. आता रुग्ण तो बरोबर घेऊनच येतात आणि त्याच्या जोडीला नको तेवढी भीतीही आणतात. म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयावर. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

“माझं वय २९. केस फार गळतात, थकवा असतो म्हणून रक्ततपासणीचं एक पॅकेज केलं. त्यात ‘एएनए पॉझिटिव्ह, १:८०’ असं ठळक अक्षरात आलं. रात्री मोबाइलवर शोधलं तर ल्युपस, किडनी, आयुष्यभर औषधं... तीन रात्री झोप नाही. डॉक्टर, मला ल्युपस झालाय का?”

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्तीने आपल्याच त्वचेवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उठण्याचा आजार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी तसं वाटत नाही. आधी झोपा. पुढचं सकाळी वाचलंत तरी चालेल.

ही तपासणी करतात कशी, ते कळलं की निम्मी भीती जाते. काचपट्टीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी असतात. तुमच्या रक्ताचा वरचा पिवळसर भाग, म्हणजे सीरम, पातळ करून त्यांच्यावर सोडतात. त्या पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं), म्हणजेच एएनए, तुमच्या सीरममध्ये असतील, तर ती चिकटतात. मग चमकणारा रंग घालून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केंद्रक हिरवं चमकलं की पॉझिटिव्ह. १:८० म्हणजे सीरम ऐंशीपट पातळ केलं तेव्हाही चमक दिसली, त्याहून पातळ केल्यावर नाही. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडं जास्त, आणि ८० हा या शिडीचा खालचा पाय आहे.

१९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचं रक्त असंच तपासलं. १:४० ला जवळपास तिघांतला एक पॉझिटिव्ह निघाला. १:८० ला शंभरातले तेरा, १:१६० ला पाच आणि १:३२० लाही तीन. हे सगळे निरोगी लोक होते. उलट, ल्युपसच्या बहुतेक सगळ्या रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असतो. त्यामुळे तो निगेटिव्ह आला की ल्युपसची शक्यता फार कमी होते. पॉझिटिव्ह आला म्हणून ल्युपस ठरत नाही. या दारातून ल्युपसच्या बाहेर पडता येतं, पण आत जाता येत नाही, असा हा प्रकार. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत, काही औषधांनी, एखादा संसर्ग होऊन गेल्यावरही तो पॉझिटिव्ह येतो.

म्हणून मी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि विचारते. उन्हात गेल्यावर गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाल चट्टा उठतो का? नाकाच्या कडेच्या घड्या त्यातून कोऱ्या सुटतात का? टाळूला न दुखणारे फोड येतात का? गारठ्यात बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात का? खोल श्वास घेताना छातीत टोचतं का? सांधे नुसते दुखतात की सुजतात? लघवीला फेस येतो का, पायांवर सूज येते का? यातलं काही असेल तर पुढच्या तपासण्या: लघवीतलं प्रथिन, रक्तातल्या पेशी, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं, सी३ आणि सी४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं. यातलं काहीच नसेल तर एएनए परत परत करू नका. त्याच्या चढउतारावरून आजार वाढला की कमी झाला, हे कळत नाही.

राहिले केस आणि थकवा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडचं काम दाखवणारं टीएसएच पाहा. आणि एक विचारायचं राहिलं: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेताय का? घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. बऱ्याच यंत्रांना बायोटिन फसवतं आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. आधीच तुमच्याकडे तसा एक कागद आहे.

“आई ५६ वर्षांची आहे. तीन महिन्यांपासून सकाळी तिची बोटं आखडलेली असतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून ‘संधिवात नाही, वयाचं दुखणं आहे’ असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणखी काही पाहायला हवं का?”

हवं, आणि लवकर हवं. या पत्राला मी थोडी जास्त जागा देणार आहे. त्याचं एक कारण वैद्यकीय आहे आणि एक माझं स्वतःचं.

कारकिर्दीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक बाई माझ्याकडे यायच्या. शिवणकाम करायच्या. तक्रार एकच, “सकाळी कात्री धरवत नाही.” आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. मी दोन वेळा त्यांना वेदनाशामक देऊन पाठवलं. तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा बोटातली अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली होती. सहज विचारलं तर म्हणाल्या, “चढतच नाही हो आता.” तेव्हा कुठे मी टेबलावरून हात पुढे करून त्यांचा पंजा हातात घेतला. बोटांच्या मुळाशी मऊ, गरम, फुगीर सूज होती. ती सूज आधीच्या दोन्ही खेपांना असणार. मी कागद तपासत होते, हात तपासलाच नव्हता. मधले सात महिने गेले. औषध सुरू झालं, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची तिरकी राहिली.

त्यामुळे आईच्या बाबतीत आधी घड्याळ लावा. ती किती वाजता उठली आणि बोटं किती वाजता मोकळी झाली, हे पंधरा दिवस वहीत लिहा. झिजेच्या दुखण्यात आखडलेपण साधारण अर्ध्या तासात सुटतं आणि काम केलं की दुखणं वाढतं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, ज्याला आपल्याकडे आमवातही म्हणतात, तास-दीड तास बोटं आपली वाटत नाहीत आणि हालचालीने उलट मोकळं वाटतं. मग सांधे पाहा. नखाजवळचा शेवटचा सांधा आणि अंगठ्याचं मूळ हे झिजेचे लाडके. आमवात बोटांच्या मुळाशी, मधल्या सांध्यांत आणि मनगटात बसतो, बहुधा दोन्ही हातांत, आणि नखाजवळचा सांधा सहसा सोडून देतो. आईचा हात हातात घेऊन बोटांच्या मुळांची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, हस्तांदोलन करतो तशी. ती कळवळली, तर सांधेतज्ज्ञाची वेळ घ्या. या आठवड्यातलीच घ्या.

आता निगेटिव्ह रिपोर्टाविषयी. आमवाताच्या साधारण पाच रुग्णांतल्या एकात आरए फॅक्टरही निगेटिव्ह असतो आणि त्याहून नेमकी असलेली अँटी-सीसीपी ही तपासणीही. आणि आरए फॅक्टर निरोगी माणसांत, विशेषतः उतारवयात, हिपॅटायटिस सी सारख्या संसर्गातही पॉझिटिव्ह निघतो. मघाच्या पत्रातली मुलगी पॉझिटिव्ह आणि बहुधा निरोगी, तुमची आई निगेटिव्ह आणि बहुधा आजारी. दोघींचे कागद शेजारी ठेवले की माझं म्हणणं वेगळं सांगावं लागत नाही. शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि हातांची सोनोग्राफी यांची मदत होते. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छच असतो, कारण हाड कुरतडलं गेल्यानंतरच त्यात दिसतं. आपल्याला त्याआधी पोचायचं असतं.

घाई एवढ्यासाठी की वेदनाशामकाने दुखणं दबतं, कुरतडणं थांबत नाही. ते थांबवणारी औषधं वेगळी, आणि ती लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावीत, असा आमचा प्रयत्न असतो. त्यातलं पहिलं बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट. नाव शोधलंत तर ‘कॅन्सरचं औषध’ असं वाचायला मिळेल. ते खरं आहे, पण तिथले डोस कितीतरी मोठे. संधिवातासाठी आठवड्याला काही मिलिग्रॅम, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या औषध नियामकाची मान्यता १९८८ पासून आहे. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्तपेशी आणि यकृताची तपासणी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा. तीन महिन्यांत पुरेसा फरक नसेल तर औषध वाढवायचं, बदलायचं किंवा दुसरं जोडायचं. जैविक इंजेक्शनं त्यानंतर येतात. त्यांच्याआधी छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी करावी लागते, कारण शरीरात झोपलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे ठळक छापा असं मी संपादकांना सांगितलं आहे. माझ्याच एका रुग्णाने ते आठ दिवस रोज घेतलं. तोंड सोलून निघालं, पांढऱ्या पेशी घसरल्या, रुग्णालयात ठेवावं लागलं. मी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलं होतं, वार लिहिला नव्हता. बाकी सगळी औषधं रोजची, त्यात ही एकच साप्ताहिक. चूक व्हायला एवढं पुरतं. तेव्हापासून वार रुग्णालाच निवडायला सांगते आणि चिठ्ठीवर त्याच्याच हाताने लिहून घेते.

आई तंबाखू ओढत असेल किंवा घरात कोणी ओढत असेल तर तेही थांबवा. धुराचा आणि या आजाराचा संबंध पक्का आहे.

“धाकट्या भावाला, वय २४, ल्युपस आहे. दीड वर्ष स्टिरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. घरातले म्हणतात, प्रतिकारशक्ती बिघडलीय तर ती वाढवायला हवी, म्हणून एक पावडर आणली आहे. अंगावर सूज दिसते म्हणून त्याने गेल्या आठवड्यात स्टिरॉइड स्वतःच बंद केलं. चालेल का?”

चालणार नाही. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी वेगळं उत्तर पाठवलं होतं, इथे इतरांसाठी लिहिते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून गोळी महिनोन् महिने मिळाली की त्या कामच सोडतात. गोळी एकदम बंद केली तर आतून काही येत नाही आणि बाहेरूनही नाही: अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. स्टिरॉइड पायरीपायरीने उतरवायचं असतं आणि ते उतरवावं, याबाबत मी तुमच्या भावाच्याच बाजूची आहे. चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू हे सगळं खरं आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या तरुणीला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली नोबेलही मिळालं. पण त्याच्या मागोमाग दुष्परिणामांची यादीही लांबत गेली. तेव्हापासून आमचं कसब एकच: लवकर द्यायचं आणि शक्य तितक्या लवकर कमी करायचं. ते कमी करता यावं म्हणूनच तर बाकीची औषधं असतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र ल्युपसमध्ये बहुतेकांनी वर्षानुवर्षं घ्यावं. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत डोस, सुरुवातीला एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. आणि भावाला कितीही बरं वाटो, लघवीची तपासणी आणि रक्तदाब चुकवू नका. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा कळ येत नाही.

आता पावडर. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की पातळी कमी झाली, भरा. भावाची प्रतिकारशक्ती कमी नाही, तिची माणसं ओळखण्यात चूक होते आहे. ‘कुंपणाने शेत खाल्लं’ ही म्हण आम्ही डॉक्टर सर्रास वापरतो, पण मला ती अपुरी वाटते. कुंपण मुद्दाम खात नाही. त्याला शेत ओळखूच येत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी-पेशींची परीक्षा होते आणि आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. काही निसटतात. त्यांच्यावर नजर ठेवायला नियंत्रक टी-पेशी असतात. त्या उलगडल्याबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. हा पहारा ढिला पडला की आजार उभा राहतो. पहारा ढिला का पडतो, त्यात थोडी आनुवंशिकता, थोडे संप्रेरकांचे खेळ (ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, तुमचा भाऊ अपवाद), थोडे संसर्ग, थोडं ऊन आणि धूर. अशा वेळी प्रतिकारशक्तीला आणखी चेतवणारी पावडर उपयोगाची नाही, झाला तर अपायच. डब्यावर काय लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर डबा बंद ठेवा.

भावाला संसर्गापासून जपायचं असेल तर त्याला लसी सोयीच्या. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस तो घेऊ शकतो. जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना बहुधा टाळतात, म्हणून कोणतीही लस विचारून.

“मला ल्युपस आहे, वय २७. आम्हाला मूल हवं आहे. नातेवाईक म्हणतात, विचारही करू नका. मी मायकोफेनोलेट घेते.”

विचार अवश्य करा, फक्त तारीख आधी ठरवा. आजार किमान सहा महिने शांत हवा, मूत्रपिंडं धड हवीत. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध गर्भाला घातक आहे, ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवावं लागतं. त्याजागी बहुधा अझाथायोप्रिन देतात आणि ते मानवतंय का हे पाहायला काही महिने जाऊ देतात. तोवर गर्भनिरोधन चुकवू नका, पण गोळी कोणती ते विचारून घ्या, सगळ्या तुमच्यासाठी नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायचं. ‘पोटात बाळ असताना औषध नको’ म्हणून घरचे नेमकं तेच बंद करायला लावतात आणि आजार उसळतो.

आधी दोन तपासण्या मागा. अँटी-आरओ प्रतिपिंडं असतील तर शंभरातल्या साधारण दोन बाळांत हृदयाच्या ठोक्यांचा दोष येतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर नजर ठेवतात. फॉस्फोलिपिडविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर गर्भपाताचा धोका असतो, त्यावर ॲस्पिरिन आणि हेपारिन हा उपाय आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली अशा बाळांचे फोटो आहेत. काच आता फोटोंनी पूर्ण भरली आहे.

“मला हाशिमोटोचा थायरॉइड आहे आणि अलीकडे कोपरावर कोडाचा डागही दिसतो. हे मुलीला होईल का? ती माझ्या शेजारी झोपते.”

शेजारी झोपून यातलं काहीही लागत नाही. ना कोड, ना हाशिमोटो (प्रतिकारशक्तीनेच थायरॉइड ग्रंथी बिघडवणारा आजार), ना संधिवात. तिला खुशाल जवळ घ्या.

रक्तातून येतो तो कल थोडासा. जुळ्या भावंडांचं उदाहरण देते. एकसारखी गुणसूत्रं असलेल्या जुळ्यांतल्या एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपास असते. उरलेलं आयुष्य ठरवतं. मुलीची वाढ, पाळी, वजन, गळ्याचा फुगवटा यांकडे लक्ष असू द्या. शंका आली तर एक टीएसएच पुरे. दर सहा महिन्यांनी तिच्या दंडात सुई नको. तुमच्या बाबतीत एका ऑटोइम्यून आजाराच्या मागे दुसरा येतो, हे मात्र घडतं आणि कोड नि थायरॉइड ही नेहमीची जोडी आहे. त्वचातज्ज्ञांना डाग लहान असतानाच दाखवा, ताज्या डागावर उपचार जास्त लागू पडतात.

हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या कापून काढलेल्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन छापलं आणि पुढे ते आपल्या गावी जाऊन साधी प्रॅक्टिस करत राहिले. १९५६ साली लंडनमध्ये या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तोवर हाशिमोटो हयात नव्हते. ती प्रतिपिंडं माझ्याही रक्तात आहेत. अठरा वर्षं झाली. रोज उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यापासून चार तास लांब. माझी लेक बत्तीसची आहे. तिचा टीएसएच दोनदा तपासला, दोन्ही वेळा व्यवस्थित. तिसऱ्यांदा तपासू या म्हटलं तर म्हणाली, “आई, तुझ्याच सदरातलं तुला वाचून दाखवू का?”